सहा टिंबांची लिपी : लुई ब्रेल यांचे चरित्र

काही थोर पुरुषांचे नाव इतके सर्वतोमुखी होते की, ते एका माणसाचे नाव होते याचाच पुढे लोकांना विसर पडतो. ब्रेल हे असेच एक नाव होय. अंधांच्या लिपीला ब्रेल म्हणतात हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु हा ब्रेल कोण, तो स्वतः अंध होता काय, त्याने ही लिपी कशी घडविली आणि ती घडविल्यावर त्याच्या वाट्यास काय आले, हे फारच थोड्यांस सांगता येईल. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्याचे चरित्र मांडण्यास आणखीही एक निमित्त आहे. ब्रेल हा कोणा पंडिताचा अथवा सरदाराचा मुलगा नव्हता. तो हातावर पोट असलेल्या एका कारागिराचा मुलगा होता, आणि त्याची लिपी पाहिली म्हणजे तीत कारागिराच्या घरचे वळण स्पष्ट दिसते.

पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारे पंचवीस मैलांवर कूव्रे नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी सिमाँ-रने ब्रेल नावाचा गृहस्थ राहत असे. घोड्यांची जीने, लगाम व गाडीस जुंपण्याचा साज तयार करणे हा त्याचा धंदा. आपल्याकडे ज्याला जीनगरी म्हणतात तोच हा व्यवसाय. आसपासचे शेतकरी व गाडीवान त्याचे गिऱ्हाईक असत. त्याच्या चार अपत्यांपैकी सर्वांत धाकटा लुई हा ४ जानेवारी १८०९ रोजी जन्मला.

ज्या घरात रापी आणि आरी ही रोजची हत्यारे, त्या घरातील मूल त्यांच्याशी खेळू पाहणारच. १८१२ साली, लुई तीन वर्षांचा असता, बापाचे काम पाहून आपणही चामड्याला भोक पाडावे असे त्यास वाटले. बाप जवळ नव्हता. मुलाने अणकुचीदार हत्यार उचलले, ते चामड्यावरून निसटले आणि सरळ डोळ्यात गेले. ते हत्यार आरी होते असे बहुतेक चरित्रकार सांगतात. कोणी सुरी म्हणतात. एक डोळा तर गेलाच, परंतु जखम चिघळून दुसऱ्या डोळ्यासही तिचा संसर्ग पोहोचला. पाचव्या वर्षी लुई पूर्ण अंध झाला.

त्या काळी अंध मुलाचे भवितव्य काय असे, हे सांगितल्यावाचून पुढील कथेचे मर्म कळणार नाही. श्रीमंताघरचा अंध कोणाच्या तरी हाताला धरून जगे. गरिबाघरचा अंध रस्त्यावर भीक मागे. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत काही अंधांना मोठमोठे चष्मे लावून, हातात वाद्ये देऊन मुद्दाम बेसूर वाजवावयास बसविले होते, आणि लोक हसून लोटपोट होत होते. हा प्रकार व्हालाँताँ आउई नावाच्या एका भाषापंडिताने पाहिला व त्याचे मन विषण्ण झाले. या लोकांना वाचावयास शिकविले तर कोणी त्यांस हसणार नाही, असे मनाशी धरून त्याने पुढे पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी जगातील पहिली शाळा काढली. फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिचे अनेक हाल झाले, परंतु ती जगली.

कूव्रे गावच्या धर्मगुरूंनी लुईस घरी येऊन शिकविले आणि गावच्या शिक्षकांनी त्यास डोळस मुलांबरोबर वर्गात बसू दिले. ऐकून ऐकून तो वर्गात पुढे राही. बापाने लाकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे अक्षरांच्या आकारात ठोकून त्याला मुळाक्षरे शिकविली असे सांगतात. कारागीर मनुष्य, दुःखाने हातपाय गाळून बसण्यापेक्षा हातोडी उचलणे त्याला अधिक जवळचे वाटले असावे. पुढे गावातील एका सरदाराच्या शिफारशीने लुईस पॅरिसच्या त्या शाळेत प्रवेश मिळाला. फेब्रुवारी १८१९ मध्ये बापाबरोबर गाडीत बसून तो पॅरिसला गेला तेव्हा त्याचे वय दहा वर्षांचे होते.

शाळेची इमारत जुनी, कोंदट व ओलसर होती. एके काळी तेथे धर्मशिक्षणाचा मठ होता. क्रांतीत तिचा कारागृह म्हणूनही उपयोग झाला होता. या ओलीने पुढे किती मुलांच्या छातीत घर केले असेल कोण जाणे. मुलांना संगीत, चर्मकाम, विणकाम आदी हुन्नर शिकविले जात. वाचनासाठी आउईने तयार करविलेली पुस्तके होती. ओला जाड कागद मोठ्या खिळ्यांवर दाबून त्यावर नेहमीचीच रोमन अक्षरे उठावदार करावयाची व मुलांनी ती बोटाने चाचपावयाची, अशी ती रीत होती. एकेक पुस्तक उचलता उचलत नसे. अक्षर इतके मोठे की, वाक्याच्या शेवटास बोट पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ मुलाच्या ध्यानातून निसटे.

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. आउईच्या हेतूत कोणताही दोष नव्हता. त्याची करुणा खरी होती. पण त्याने अंधाला जे दिले ते डोळस माणसाचे अक्षर होते. डोळ्याला जे एका दृष्टिक्षेपात कळते ते बोटालाही कळेल असे त्याने गृहीत धरले. वास्तविक बोटाची गोष्ट वेगळी. अखंड रेषेची वळणे त्याला सावकाश शोधीत जावी लागतात. सुटे टिंब मात्र त्याला लागलीच टोचते. आणि दुसरे असे की, या रीतीने अंधाला वाचता येई, पण लिहिता येत नसे. घरी पत्र पाठवावयाचे झाले, हिशेब टिपून ठेवावयाचा झाला, तरी दुसऱ्याचे पाय धरावे लागत. केवळ वाचता येणारा आणि लिहू न शकणारा माणूस अर्धाच साक्षर.

१८२१ साली शार्ल बार्बिये नावाचा तोफखान्यातील एक माजी अधिकारी शाळेत आला. त्याने टिंबांची एक लिपी शोधून काढली होती. रात्रीच्या अंधारात दिव्यावाचून सैनिकांना निरोप वाचता यावेत म्हणून ती निघाली अशी आख्यायिका आहे. अलीकडील अभ्यासक तीवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत आणि अंध व अशिक्षित यांच्यासाठीच त्याने ती योजिली असे मानतात. ते काहीही असो. बार्बियेने फ्रेंच भाषेतील ३६ ध्वनी सहा ओळींच्या व सहा रकान्यांच्या कोष्टकात मांडले होते. ध्वनी कितव्या ओळीत आहे ते डाव्या बाजूच्या टिंबांच्या संख्येने, आणि त्या ओळीत कितवा आहे ते उजव्या बाजूच्या टिंबांच्या संख्येने दाखवावयाचे. एका चिन्हात अशी बारापर्यंत टिंबे येत. ती उमटविण्यासाठी त्याने खाचांची पाटी व एक टोचणीही तयार केली होती.

मुलांना ही टिंबे फार आवडली, कारण ती बोटाला कळत. परंतु लुईने तीतील दोष थोड्याच दिवसांत हेरले. बारा टिंबांचे उभे चिन्ह बोटाच्या टोकात मावत नाही. बोट वर-खाली फिरवून टिंबे मोजीत बसावे लागते. शिवाय ही लिपी नुसत्या ध्वनींची. तीत शब्दाचे शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, अंक नाहीत, संगीताची स्वरलिपी नाही. बार्बियेच्या मते गरीब अंधाला एवढे पुरे होते. बारा वर्षांच्या मुलाचे मत तसे नव्हते. डोळस मुलाला जे जे शिकावयास मिळते ते सर्व आपल्याला हवे, शुद्धलेखनासकट, अशी त्याची धारणा होती. त्याने कॅप्टनसाहेबांस सुधारणा सुचविल्या. त्यांस त्या रुचल्या नाहीत. एका पोराने आपल्या शोधाला नावे ठेवावीत हे कोणा वृद्ध शोधकास रुचले आहे?

यानंतरची तीन वर्षे लुईने या एकाच ध्यासात काढली. दिवसा शाळेचा अभ्यास, आणि रात्री इतर मुले झोपली की कागद, पाटी व टोचणी घेऊन तो बसे. सुटीत कूव्रेस गेला तरी हेच चाले. ज्या आरीने दृष्टी नेली तिच्याच जातीचे हत्यार आता त्याच्या हातात होते आणि चामड्याऐवजी जाड कागदावर ते चालत होते. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी मुख्यत्वे सिद्ध झाली.

तिची रचना थोडक्यात अशी. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन टिंबे, एकूण सहा. एवढी चौकट बोटाच्या अग्राखाली एका स्पर्शात मावते, बोट हलवावे लागत नाही. या सहा जागांपैकी कोठे टिंब आहे व कोठे नाही यावरून ६३ निरनिराळी चिन्हे होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार जागांतच बसविली आहेत. पुढील दहा अक्षरांसाठी त्याच आकृत्या घेऊन खालचे डावीकडील टिंब वाढविले; त्यापुढील अक्षरांसाठी खालची दोन्ही टिंबे वाढविली. म्हणजे दहा आकृत्या पाठ झाल्या की सगळी वर्णमाला हाती आली. त्याच पहिल्या दहा चिन्हांआधी एक खूण घातली की ते अंक होतात. संगीतासाठीही हीच चिन्हे वेगळ्या अर्थाने योजिली, आणि ही गोष्ट लहान नव्हे, कारण चर्चमधील ऑर्गन वाजविणे हा त्या काळी अंधांच्या उपजीविकेचा एक मोठा आधार होता. इंग्रजीतील डब्ल्यू हे अक्षर मात्र या क्रमात बसत नाही; फ्रेंचमध्ये त्याचे कामच विशेष पडत नसल्याने ते मागाहून जोडावे लागले.

लिहिण्याची रीतही सोपी. पाटीत कागद अडकवून टोचणीने मागच्या बाजूने टिंबे पाडावयाची. त्यासाठी उजवीकडून डावीकडे लिहावे लागते. कागद उलटला म्हणजे टिंबे वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात. स्वतः लिहिलेले स्वतःच वाचून पाहण्याचे सुख अंधांना अशा रीतीने लाभले.

प्रस्तुत लेखकाने एकदा एका अंधशाळेत ब्रेलचे पान हाताळून पाहिले. पुष्कळ प्रयत्न करूनही खरबरीत कागदापलीकडे काही कळले नाही. शेजारी बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी मात्र दोन्ही हात पानावरून सरकवीत गोष्ट घडाघड वाचून दाखवीत होती. त्या वेळी त्या खोलीत निरक्षर कोण होते हे निराळे सांगावयास नको.

१८२९ साली लुईने आपली पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गंमत अशी की, टिंबांच्या लिपीची माहिती देणारे हे पुस्तक आउईच्या जुन्या उठावदार रोमन अक्षरांतच छापावे लागले. त्यात त्याने बार्बियेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. या आवृत्तीत काही चिन्हांत टिंबांबरोबर लहान रेघाही होत्या. त्या बोटाला नीट कळत नाहीत आणि पाटीवर काढणे कठीण जाते असा अनुभव आल्यावर १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने रेघा काढून टाकल्या. स्वतःच्या कृतीवर अशी कानस चालविणे फार थोड्यांना साधते.

या सुमारास लुई त्याच शाळेत शिक्षक झाला होता. विद्यार्थ्यांचे ते आवडते गुरुजी होते. व्याकरण, इतिहास, भूगोल, गणित व संगीत हे विषय ते शिकवीत. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनही त्यांनी नाव मिळविले. पगार बेताचा असे, परंतु गरजू विद्यार्थ्यांना ते पैसे देत. त्यांच्या मृत्यूनंतर एक पेटी सापडली व ती न उघडता जाळावी अशी त्यांची इच्छा होती. उघडली तेव्हा तीत विद्यार्थ्यांनी लिहून दिलेल्या कर्जाच्या चिठ्ठ्या निघाल्या, अशी हकीकत सांगतात.

विद्यार्थ्यांनी लिपी उचलली होती, परंतु तिला मान्यता मिळत नव्हती. प्रमुख पिन्ये यांचा ब्रेलना पाठिंबा होता. १८४० साली त्यांना पद सोडावे लागले आणि द्युफो हे प्रमुख झाले. नव्या प्रमुखांनी टिंबांच्या लिपीस बंदी केली व उठावदार रोमन अक्षरांचीच नवी पुस्तके आणविली. टिंबांतील पुस्तके जाळण्यात आली असेही सांगतात. विरोधकांचे म्हणणे अगदीच मूर्खपणाचे होते असे नाही, आणि न्यायाने ते येथे नमूद केले पाहिजे. अंधांची लिपी डोळसांना वाचता आली नाही तर अंध हे समाजापासून आणखी तुटतील, अशी त्यांची शंका होती. परंतु हा समाज अंधांना जवळ करीत होता कोठे? जवळीक साधण्याचा सर्व बोजा अंधाच्या बोटांवर टाकावयाचा आणि डोळसांनी सहा टिंबे शिकण्याचेही कष्ट घ्यावयाचे नाहीत, असा तो व्यवहार होता.

ब्रेल यांनी या शंकेचे उत्तर वादविवादाने दिले नाही. त्यांनी आणखी एक साधन तयार केले. १८३९ साली त्यांनी अशी रीत प्रसिद्ध केली की, जिच्या योगे अंधाने दहा-दहा जागांच्या चौकटीत ठराविक ठिकाणी टिंबे पाडली म्हणजे त्यांतून नेहमीचे रोमन अक्षरच उभे राहावे. हे पत्र डोळस आईबापांना सरळ वाचता येई. पुढे पिएर फूको या अंध यंत्रज्ञाने ब्रेल यांच्या सहकार्याने १८४१ मध्ये या कामासाठी कळांचे एक यंत्र बनविले. टंकलेखनयंत्र सर्वत्र प्रचारात येण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे.

इकडे शाळेत बंदी असूनही मुले रात्री चोरून टिंबे टोचीत होती. टोचण्या काढून घेतल्या तर त्यांनी विणकामाच्या सुया, खिळे, जे मिळेल ते वापरले. कोणतीही बंदी अशा ठिकाणी टिकत नाही. द्युफो यांचे साहाय्यक ग्वादे यांनी हे पाहिले व प्रमुखांचे मन वळविले. १८४४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या नव्या प्रशस्त इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. एका मुलाने सांगितलेला मजकूर टिंबांत उतरविला आणि त्या वेळी दालनाबाहेर असलेल्या दुसऱ्या मुलाने आत येऊन तो जसाच्या तसा वाचून दाखविला. ब्रेल त्या सभेत उपस्थित होते.

परंतु क्षयाने त्यांना सव्विसाव्या वर्षापासूनच ग्रासले होते. मध्यंतरी बरे वाटे, पुन्हा रक्त पडे, अध्यापन सोडावे लागे. नव्या इमारतीची कोरडी हवा मिळाली ती फार उशिरा. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस लोटले असता, संस्थेच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. पॅरिसमध्ये त्याचा काही गवगवा झाला नाही. त्यांना कूव्रेच्या दफनभूमीत पुरण्यात आले. फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली.

लिपीचा पुढील प्रवास सरळ झाला नाही. इंग्लंडात उठावाच्या अनेक लिपी प्रचलित होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीमागे कोणी ना कोणी धनिक व परोपकारी डोळस गृहस्थ होते. दृष्टी अधू झालेले डॉक्टर टॉमस आर्मिटेज यांनी १८६८ साली या प्रश्नाच्या निर्णयासाठी एक मंडळ स्थापिले. त्याची अट मोठी मार्मिक होती: निर्णय देणारा सभासद अंध असावा आणि त्यास किमान तीन लिपी बोटाने वाचता याव्यात. या मंडळींनी ब्रेलच्या बाजूने कौल दिला. ज्यांच्यासाठी वस्तू करावयाची त्यांनाच ती पारखू द्यावी, ही गोष्ट सुचावयास इतकी वर्षे लागली. १८७८ च्या पॅरिस येथील परिषदेने ब्रेलचा पुरस्कार केला. अमेरिकेत मात्र टिंबांच्या दोन-तीन पद्धतींत दीर्घकाळ भांडण चालले, आणि हेलन केलरसारख्या विदुषीलाही निरनिराळ्या लिपी शिकण्यात शक्ती खर्चावी लागली. इंग्लंड व अमेरिका यांची एक सामाईक ब्रेल ठरावयास १९३२ साल उजाडले.

आपल्या देशाची कथा याहून वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे अंधशाळा निघू लागल्या. पहिली १८८७ मध्ये अमृतसरला, आणि मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनची. परंतु प्रांतोप्रांती टिंबांचे संकेत निराळे. एका प्रांतातील अंधाला दुसऱ्या प्रांतातील पुस्तक हाती धरून उपयोग नसे. अखेरीस १९५१ साली, युनेस्कोच्या साहाय्याने, सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल निश्चित झाली. तिचे तत्त्व असे की, उच्चार एक तर चिन्ह एक. मराठीतील क, म, ल यांची टिंबे तीच जी ब्रेल यांनी फ्रेंचमधील तत्सम अक्षरांसाठी योजिली, आणि बंगाली व तमिळ यांतही तीच. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. डोळस माणूस ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अगोदर काढतो आणि मागाहून उच्चारतो. भारती ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, उच्चाराच्या क्रमाने. आपल्या पाठ्यपुस्तकांशी झगडणाऱ्या बालकांस हे ऐकून अंध मुलांचा हेवा वाटेल.

१९५२ साली, मृत्यूस शंभर वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सने ब्रेल यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रपुरुषांच्या स्मारकमंदिरात नेल्या. कूव्रेच्या लोकांनी मात्र आपल्या गावच्या जीनगराच्या मुलाचे हात दिले नाहीत. ते एका कुंभात घालून गावच्या दफनभूमीतच ठेवले आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविल्याप्रमाणे २०१९ पासून ४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडील मतदानयंत्रावर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढील बटणाशेजारी अनुक्रमांक ब्रेलमध्ये उठविलेला असतो. पुढील निवडणुकीत मतदानास जाल तेव्हा बटण दाबण्यापूर्वी त्या टिंबांवरून एकदा बोट फिरवून पाहावे. वरच्या चार जागांत बसविलेल्या, १८२४ सालच्या त्याच आकृत्या तेथे हाताला लागतात.